साखर वाढली, तरी उपाशी राहू नका

गरोदर बाईने पोटभर जेवावे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. पण दवाखान्यात रक्त तपासतात आणि "साखर वाढली आहे" असे सांगतात. मग घरात सगळे घाबरतात. बाई भात सोडते. भाकरी सोडते. कोणी तर रात्रीचे जेवणच सोडते. पोटात भूक आणि मनात भीती, असे तिचे दिवस जातात.

हे बरोबर नाही. साखर वाढलेल्या बाईनेही पोट भरूनच जेवायचे आहे. फक्त पोट कशाने भरायचे, ते बदलायचे आहे. आज आपण तेवढेच शिकू.

साखर का वाढते?

आपण भाकरी खातो, भात खातो. पोटात त्याची साखर होते आणि ती रक्तात जाते. रक्तातली साखर शरीराला वापरता यावी, म्हणून शरीर एक रस तयार करते. त्याचे नाव इन्सुलिन. गरोदरपणात वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात येतात. त्यांच्यामुळे इन्सुलिनचे काम मंदावते. बहुतेक बायांच्या शरीरात मग जास्त इन्सुलिन तयार होते आणि काम भागते. काहींच्या शरीराला ते पुरत नाही. मग साखर रक्तातच साचते. हाच गरोदरपणातील मधुमेह. यात बाईचा काही अपराध नाही. तिला कोणी बोल लावू नये.

मात्र हयगयही करू नये. आईची जादा साखर वारेवाटे बाळाला जाते. बाळ पोटात फार मोठे होऊ शकते. मग बाळंतपण अवघड होते. जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरण्याचाही धोका असतो.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात. २ तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त भरली, तर हा आजार आहे असे धरतात. दवाखान्याच्या पहिल्या खेपेलाच ही तपासणी करून घ्यावी. तेव्हा साखर ठीक निघाली, तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी.

भूक का भागत नाही?

एका घरातले बोलणे ऐका. अशी बोलणी गावोगाव होतात.

सासूबाई म्हणाल्या, "आशाताई, हिला दोन जिवांचं खायचं. आणि दवाखान्यात म्हणे कमी खा. पोरगी सुकून चालली."

आशाताई म्हणाली, "मावशी, कमी खा असं नाही सांगितलं. नीट खा असं सांगितलं. काय गं, दुपारी काय जेवलीस?"

सून म्हणाली, "अर्धी भाकरी आणि ठेचा. पहिल्या दोन खायची. पण ताई, तासाभरात पोटात खड्डा पडतो."

"पडणारच! अर्ध्या भाकरीनं आणि ठेच्यानं कोणाचं भागलंय? भाकरी एक खा. तिच्याबरोबर वाटीभर मटकीची उसळ घे, मेथीची भाजी घे, काकडी घे, ताक घे. मग बघ, भूक लागते का."

"आणि गूळ चालेल ना?" सासूबाईंनी विचारले. "गूळ काही साखर नव्हे."

"मावशी, गूळही उसाचाच. रक्तात गेला, की त्याचीही साखरच होते. मध पण तसाच."

आशाताईचे बोलणे खरे आहे. उसळ, डाळ, अंडे, मासे हे पोटात सावकाश पचतात. पालेभाजीत आणि कोशिंबिरीत चोथा असतो. त्याने पोट भरते, पण साखर फारशी वाढत नाही. साबुदाण्याचे उलटे आहे. तो जवळजवळ सगळा पिठूळ पदार्थ. खिचडी खाल्ली, की साखर झपाट्याने चढते. साखरेचा चहा आणि फळांचा रस तर त्याहून लवकर.

ताटाचा हिशेब

आम्ही जन्मभर मुलांना गणित शिकवले. हा हिशेब त्या गणिताहून सोपा आहे. ताटाचे ४ सारखे भाग करा.

२ भाग भाजी आणि कोशिंबीर. मेथी, शेपू, चाकवत, गवार, दोडका, दुधी, काकडी, मुळा, जे स्वस्त मिळेल ते. बटाटा या भागात धरू नये.

१ भाग उसळ, घट्ट वरण, पिठले, अंडे किंवा मासे.

१ भाग भाकरी, पोळी किंवा भात. तिन्हींपैकी एकच. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण भाकरीचीही साखर होतेच. म्हणून ती मोजून खावी.

आधी कोशिंबीर आणि भाजी खावी, मग उसळ, शेवटी भाकरी. अशाने साखर हळू चढते.

दिवसभर काय खावे?

एकदम खूप खाऊ नये. ३ जेवणे आणि मध्ये २-३ वेळा थोडे खाणे, असे वाटून घ्यावे.

सकाळी: भिजवलेल्या हिरव्या मुगाची २ धिरडी आणि चटणी. बिनसाखरेचा चहा. अनेकींची साखर सकाळी जास्त चढते. म्हणून नुसते पोहे किंवा चहा-पाव घेऊ नये.

११ च्या सुमारास: मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे. नाहीतर एक पेरू.

दुपारी: कोशिंबीर, पालेभाजी, मटकीची किंवा चवळीची उसळ, भाकरी, ताक.

संध्याकाळी: उकडलेले अंडे किंवा वाटीभर शिजवलेले हरभरे.

रात्री: दोडक्याची भाजी, पिठले, भाकरी.

निजताना: कपभर दूध, साखर न घालता.

मोड आलेली कडधान्ये चांगली शिजवूनच खावीत. गरोदरपणात ती कच्ची खाऊ नयेत. जेवल्यावर १०-१५ मिनिटे अंगणात फिरावे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर मात्र फिरू नये.

घरात वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. हेच जेवण सगळ्यांना चांगले आहे. पण एक गोष्ट घरच्यांनी पाळावी. सगळ्यांचे उरकल्यावर उरलेसुरले सुनेच्या वाट्याला येऊ नये. उसळ संपली आणि भात उरला, की साखर वाढणारच. तिचे ताट वेळेवर आणि आधी वाढावे.

एवढे करून साखर उतरली नाही तर?

साधारण २ आठवडे असे जेवून पुन्हा रक्त तपासतात. जेवणानंतर २ तासांनी साखर १२० च्या आत हवी. ती आत आली नाही, तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन देतात. ते घ्यावे. इन्सुलिनने बाळाला अपाय होत नाही. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड ही त्याची जागा घेऊ शकत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्या बाईने उपवास मुळीच करू नये. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर फार उतरली असे समजावे. लगेच ३ चमचे ग्लुकोज पेलाभर पाण्यातून द्यावे. ते नसेल, तर साखरेचे पाणी द्यावे. मग काही खायला द्यावे आणि दवाखान्यात कळवावे.

बाळंत झाल्यावर वार पडते आणि बहुतेकींची साखर खाली येते. बाळाला पहिल्या तासाभरातच अंगावर पाजावे. ६ आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासावी. पुढेही दरवर्षी तपासावी, कारण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते.

वाचकभगिनींनो, हा धडा घरात मोठ्याने वाचा. सासूबाईंना ऐकवा, नवऱ्यालाही ऐकवा. बाजारातून भाजी आणि कडधान्ये पुष्कळदा तोच आणतो.

प्रश्न

१. ताटाच्या ४ भागांत काय काय वाढावे?
२. गूळ का चालत नाही?
३. नुसती भाकरी आणि ठेचा खाल्ल्याने लवकर भूक का लागते?
४. तुमच्या घरी आज काय शिजले? त्यातून साखर वाढलेल्या गरोदर बाईचे ताट कसे वाढाल, ते पाटीवर लिहा.