माणसाला विशेषण लावताना

मी इंग्रजी शिकवते. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींची मुलाखतीची तयारी करून घेणं आणि त्यांच्यासाठी शिफारसपत्रं लिहिणं ही माझी सगळ्यांत आवडीची कामं. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, हा माणूस कसा आहे? मराठीत विचारा, मुलं भरभरून सांगतात. मामा हेकट आहे, आत्या लाघवी आहे, शेजारचे काका तुसडे, धाकटी बहीण आगाऊ, आणि वडील इतके भिडस्त की उसने दिलेले पैसे मागायला जीभ रेटत नाही. हाच प्रश्न इंग्रजीत आला की सगळं घर गुड, नाइस, ऑनेस्ट आणि हार्डवर्किंग या चार खुंट्यांवर टांगलं जातं. मुलांना माणसं कळत नाहीत असं मुळीच नाही. त्यांना शब्दांची ओळख चुकीच्या वाटेने करून दिलेली असते. इतक्या वर्षांत जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. यादी पाठ करायला लावू नये

गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा जाडजूड कोश चाळून माणसाचं वागणं-स्वभाव सांगणारे शब्द वेचले आणि १९३६ साली ती यादी छापली. १७,९५३ शब्द भरले. त्यांतले स्थायी स्वभाव सांगणारे तेवढे निवडले तरी साडेचार हजार उरले. पुढच्या संशोधकांनी ते गाळत गाळत पाच मोठ्या गटांवर आणले. आज कंपन्यांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांत ‘बिग फाइव्ह’ म्हणून जे असतं, ते याच कामातून आलं.

मानसशास्त्राला ही यादी उपयोगी पडली. शिकणाऱ्याला यादीने काहीच मिळत नाही, कारण यादीत सगळे शब्द एका उंचीचे दिसतात. मी मुलांना उलट्या बाजूने चालायला सांगते. आधी माणूस घ्या. घरातली, गल्लीतली पाच माणसं निवडा, त्यांच्याबद्दल मराठीत मनापासून एकेक वाक्य लिहा आणि मग त्या माणसाला शोभेल असा इंग्रजी शब्द शोधा. दळणाच्या पिशव्याही धुऊन पुन्हा वापरणाऱ्या आजीला एकदा ‘फ्रूगल’ हा शब्द मिळाला की तो जन्मात विसरत नाही, कारण आता त्या शब्दाला चेहरा असतो.

२. प्रत्येक स्वभावाला मित्राचा एक शब्द असतो आणि शत्रूचा एक

हा धडा मी सगळ्यांत जास्त वेळ शिकवते. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात व्याकरणातल्या रूपांसारखी एक गंमत चालवून दाखवली होती. एकच गुण ‘मी’ला लावताना ठाम होतो, ‘तू’ला लावताना हट्टी होतो आणि समोर नसलेल्या ‘तो’ला लावताना मूर्ख दुराग्रह होतो. ती गंमत होती, पण स्वभावाचे शब्द नेमके असेच चालतात.

पैसा जपून वापरणाऱ्या माणसाचंच बघा. ‘थ्रिफ्टी’ म्हटलं की कौतुक झालं, ‘फ्रूगल’ म्हटलं की त्याची साधी राहणी सांगितली. ‘स्टिंजी’ म्हणजे सरळ चिक्कू आणि ‘मायझर्ली’ म्हणजे कवडीचुंबक. माणूस तोच आहे, पाकीटही तेच. बदललं ते फक्त बोलणाऱ्याचं मत. चौकस माणूस ‘क्यूरियस’, भोचक माणूस ‘नोझी’. ‘कॉन्फिडंट’ आणि ‘ॲरोगंट’ या दोघांत तर कधी कधी एका वाक्याचंच अंतर असतं. मराठीत हे आपल्याला शिकवावं लागत नाही. धोरणी आणि कावेबाज यांत आपण चुकत नाही, कारण लहानपणापासून ओसरीवर बसून ते ऐकलेलं असतं. इंग्रजीची ती ओसरी आपल्याला मिळालेली नाही, म्हणून ती मुद्दाम उभी करावी लागते.

त्यासाठी मी एक लेखन देते. एकाच माणसाचं वर्णन दोनदा करायचं, एकदा त्याच्या जिवलग मित्राच्या तोंडून आणि एकदा त्याच्याशी बांधाचा वाद असलेल्या शेजाऱ्याच्या तोंडून. घटना त्याच ठेवायच्या आणि फक्त विशेषणं बदलायची. हा तास संपेपर्यंत मुलांच्या लक्षात येतं की विशेषण ज्याला लावलंय त्याच्याइतकंच ते लावणाऱ्याबद्दलही सांगतं.

आणखी एक. शब्दाचा मान जागेप्रमाणेही बदलतो. ‘ॲग्रेसिव्ह’ हा घरातल्या माणसाचा दोष, पण विक्री विभागाच्या जाहिरातीत तोच गुण म्हणून मागितलेला असतो.

३. जुळे दिसणारे शब्द वेगळे बसवावेत

सेन्सिबल म्हणजे समंजस आणि सेन्सिटिव्ह म्हणजे हळवा. चाइल्डलाइक निरागस, तर चाइल्डिश पोरकट. सेल्फ-कॉन्शस माणूस स्वतःला ओळखणारा नसतो, चारचौघांत अवघडलेला असतो. अशा जोड्या फार नाहीत. त्या एकदा नीट बसवल्या की काम झालं.

‘होमली’बद्दल मात्र सावध करते. आपल्याकडच्या विवाहविषयक जाहिरातींत हा शब्द घर सांभाळणारी, घरगुती वळणाची मुलगी अशा अर्थाने इतका रुळला आहे की कोणाला खटकत नाही. ब्रिटनमध्ये तो बहुधा ऊबदार, साध्यासुध्या घराला लावतात. अमेरिकेत एखाद्या मुलीला होमली म्हणणं म्हणजे ती दिसायला सुमार आहे असं म्हणणं. परदेशातल्या स्थळाला बायोडाटा पाठवणाऱ्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगते.

४. माणूस तसा आहे की आज तसा वागतोय, हे वेगळं सांगता आलं पाहिजे

‘ही इज रूड’ आणि ‘ही इज बीइंग रूड’. पहिल्या वाक्यात तो माणूसच उद्धट ठरला. दुसऱ्यात तो या घटकेला उद्धटपणे वागतोय, एरवी कसा आहे याबद्दल बोलणारा काही म्हणत नाही. आपल्या मुलांना ‘आय ॲम नोइंग’सारखी वाक्यं टाळायला शिकवताना शिक्षक इतके इंग काढून टाकतात की जिथे तो हवाच असतो तिथेही मुलं घाबरून तो लावत नाहीत.

इंग्रजी व्याकरणातली ही मला सगळ्यांत माणुसकीची जागा वाटते. वागणं आणि स्वभाव यांत तिथे एक फट ठेवलेली आहे. उंचीबद्दल तसं बोलता येत नाही, कारण उंच असणं हे वागणं नव्हे. पण आळस, हट्ट, प्रेमळपणा, उद्धटपणा या सगळ्यांना ही सोय आहे. तसंच ‘ही कॅन बी डिफिकल्ट’. कधी कधी जड जातो, नेहमी नाही. पालकसभेत ‘तुमचा मुलगा आळशी आहे’ हे वाक्य ऐकलेला बाप घरी जाऊन काय करतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ‘या सत्रात तो आळस करतोय’ असं म्हटलं असतं तर त्या मुलाला सुधारायला वाट राहिली असती. इंग्रजीचा हा धडा शिकवताना मी मुलांना मराठीतही तसंच बोलायला लावते.

५. शरीराच्या वाटेने गेलं की शब्द लवकर येतात

मोठ्या मनाचा, गरम डोक्याचा, जाड कातडीचा. मराठी स्वभाव शरीरावर मांडते आणि इंग्रजीही तेच करते, त्यामुळे हार्टेड, हेडेड, माइंडेड, टेंपर्ड हे चार शेपटीचे शब्द दिले की मुलं स्वतःच जोड्या जुळवू लागतात. फक्त थोडे खड्डे दाखवावे लागतात. बिग-हार्टेड मोठ्या मनाचा, पण बिग-हेडेड म्हणजे डोकं चालणारा नव्हे, तर डोक्यात हवा गेलेला. सिंगल-माइंडेड म्हणजे एकाच ध्येयाचा ध्यास घेतलेला. गेंड्याची कातडी आपल्याकडे शिवी आहे, उलट थिक-स्किन्ड हा टीका पचवणाऱ्या माणसाचा गुणही ठरू शकतो. हलक्या कानाचा मात्र इंग्रजीत सापडत नाही. ‘गलिबल’ जवळ येतो, पण त्यात कान भरणारा कोणीतरी आहे हे येत नाही.

६. जुन्या शब्दांची भीती आपल्याला तरी नको

सॅंग्विन, कोलेरिक, फ्लेग्मॅटिक, मेलंकली हे शब्द पाहिले की मुलं पुस्तक मिटतात. पण रक्त, पिवळं पित्त, कफ आणि काळं पित्त या चार द्रवांवरून स्वभाव ठरतो, ही ग्रीक वैद्यकातली जुनी समजूत सांगितली की आयुर्वेदाच्या घरातली मुलं लगेच मान डोलावतात. ज्या भाषेत स्वभावालाही प्रकृती म्हणतात आणि तब्येतीलाही, तिथे हे नवीन नाही. ग्रहांवरून आलेल्या शब्दांचंही तसंच. जोव्हियल माणूस गुरूच्या प्रभावाखालचा, सॅटर्नाइन शनीच्या. साडेसातीचं नाव ऐकलेल्या मुलाला सॅटर्नाइनचा खिन्न, गंभीर रंग समजावून सांगावा लागत नाही.

७. शिफारसपत्रात एक प्रसंग दहा विशेषणांना भारी पडतो

हे मी पोटतिडकीने सांगते. फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या नेमणुकांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. स्त्रियांच्या पत्रांत कष्टाळू, चोख, विश्वासू अशा राबण्याच्या गुणांचा उल्लेख पुरुषांच्या पत्रांपेक्षा जास्त वेळा होता. वाचायला हे कौतुकच आहे, पण निवड करणाऱ्याच्या मनात त्यातून मदतनीस उभी राहते, नेतृत्व करणारी नाही. पुढाकार घेणारा मुलगा ‘असर्टिव्ह’ आणि तशीच मुलगी ‘बॉसी’, हेही मी ऐकत आले आहे.

म्हणून मुलींची पत्रं लिहिताना मी हार्डवर्किंग हा शब्द शेवटी पाहते, आधी प्रसंग शोधते. पूर आला तेव्हा वसतिगृहातल्या मुलींची यादी कोणी केली, जेवणाची सोय कोणी लावली, कोणाचा शब्द सगळ्यांनी मानला. तीन ओळींत हे लिहिलं की ‘लीडर’ हा शब्द वाचणारा स्वतःच उच्चारतो. मराठी वाचकाला हे सांगायला नको. पु. लं.च्या ‘व्यक्ति आणि वल्ली’तला अंतू बर्वा विशेषणांमुळे लक्षात राहिलेला नाही, त्याच्या बोलण्यामुळे राहिला.

८. जिथे शब्द नाही, तिथे वाक्य द्यावं

भिडस्त या शब्दापाशी दरवर्षी वर्ग अडतो. शाय म्हणजे बुजरा, रिझर्व्ह्ड म्हणजे मोजकं बोलणारा, डिफिडंट म्हणजे स्वतःवर विश्वास नसलेला. यांतला एकही भिडस्त नाही. भिडस्त माणूस चारचौघांत मोकळा बोलेल, स्वतःची किंमतही त्याला ठाऊक असेल, पण समोरच्याचं मन मोडेल म्हणून त्याच्याने नाही म्हणवत नाही. अशा वेळी मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढते. तो पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. एका शब्दाला एक शब्द मिळाला नाही तर मोल्सवर्थ अडून बसत नाही, तीन-चार शब्द शेजारी ठेवतो, पूर्ण वाक्यांशाने समजावतो. मुलांनीही तेच करावं.

स्वतःतली उणीव सांगा, असं मुलाखतीत विचारलं की पाठ केलेलं उत्तर ठरलेलं असतं, ‘आय ॲम अ परफेक्शनिस्ट’. माझ्या एका विद्यार्थिनीने त्याऐवजी सांगितलं की ज्यांनी कधी मदत केली आहे त्यांना नाही म्हणणं मला जड जातं, म्हणून हल्ली मी उत्तर द्यायला एक दिवस मागून घेते. हे तिने चार साध्या इंग्रजी वाक्यांत सांगितलं, त्यात एकही अवघड शब्द नव्हता. मुलाखत घेणाऱ्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच उत्तरावर विचारले.