पावसाचे पाणी आणि आपले नगर

वडोदऱ्यातून वाहणारी विश्वामित्री आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याच काठी सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८७९ साली कमाठीबाग उभी राहिली. याच नगरीत ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि घराघरांत पाणी शिरले. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा महापूर आला.

असे का घडते? मोकळ्या मातीत पाणी मुरते. डांबर व फरशी यांवरून ते तत्काळ धावत सुटते. सखल जमिनी बुजविल्या म्हणजे त्याला विसाव्यास ठाव उरत नाही. म्हणून बागा, तळी, वृक्ष आणि पाझरणाऱ्या वाटा यांचाही नगररचनेत गटारांइतकाच विचार करावयास हवा. यासच हरित पायाभूत रचना म्हणतात. शाळेच्या आवारात तिचा आराखडा विद्यार्थ्यांनाही करता येईल.

प्रथम मोजणी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर ४०० चौरस मीटर व पाऊस ५० मिलिमीटर असल्यास २०,००० लिटर पाणी मिळेल.

नंतर मातीची परीक्षा. हातभर खोल खड्डा पाण्याने भरावा. ते मुरल्यावर पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते पाहावे. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते. तेथे वाळू व कुजलेले खत मिसळावे. एकदोन दिवसांत पाणी न जिरल्यास डासांचे भय असते.

शेवटी आकार. २० मीटर लांब, ४ मीटर रुंद व २५ सेंटिमीटर खोल वाफ्यात हे सर्व पाणी मावते. तो इमारतीच्या पायापासून दूर असावा, जादा पाण्यास वाट ठेवावी, आणि त्यात वाळा, कर्दळ यांसारखी पाणी सोसणारी झाडे लावावीत.

आता हेच गणित ५०० मिलिमीटरला लावा. पाणी दोन लक्ष लिटर होते. वाफ्यात त्याचा दशांशच मावतो. तेव्हा वाफा महापूर थोपवील, असे मानू नये. नित्याचा पाऊस तो भूमीच्या पोटात पोहोचवील. महावृष्टीसाठी मात्र नदीकाठच्या सखल जमिनी व तळी मोकळीच राखली पाहिजेत. या दोन्ही गोष्टी एकमेकींस पूरक आहेत.

उद्याचे नगर आज वर्गात बसणाऱ्यांनाच सांभाळावयाचे आहे. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन आपल्या शाळेचे छप्पर मोजा. आराखड्याची पहिली ओळ तेथेच लिहिली जाईल.