संरक्षण-किल्लीची चूक : शोध आणि उपाय

मेनफ्रेम या मोठ्या संगणकाच्या स्मृतीत अनेक कार्यक्रम आणि त्यांवर देखरेख ठेवणारी कार्यप्रणाली एकत्र नांदत असतात. वेतनपत्रकाच्या कार्यक्रमाने चुकून दुसऱ्याच्या जागेत एक आकडा जरी लिहिला, तरी हिशेब बिघडेल आणि ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. म्हणून आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या मालेत संरक्षण-किल्लीची योजना आली.

तीत स्मृतीचे २,०४८ बाइटचे गट पाडून प्रत्येकास ० ते १५ पैकी एक किल्ली दिली जाई. पुढे हा गट ४,०९६ बाइटचा झाला. चालू कार्यक्रमाची किल्ली पीएसडब्ल्यू या स्थितिशब्दात असते. ती गटाच्या किल्लीशी जुळली किंवा शून्य असली, तरच तेथे लिहिता येते. अन्यथा कार्यक्रम थांबतो आणि 'एस०सी४' हा संकेत उमटतो.

असे झाल्यास प्रथम स्मृतीचा छापील उतारा, म्हणजे डंप, पाहावा. समजा, पीएसडब्ल्यूमध्ये षोडशमान पद्धतीने ०२०१ए६ हा पत्ता आहे. हा पुढील आज्ञेचा पत्ता होय. चुकलेली आज्ञा ६ बाइटची असल्यास तिचा पत्ता ०२०१ए० येतो. कार्यक्रम ०२०००० पासून भरला असेल, तर अंतर १ए० निघते. असेंब्लरच्या यादीत या अंतरावरील आज्ञा शोधावी व तिचे आधार-रजिस्टर डंपमध्ये तपासावे.

पुष्कळदा तेथे शून्य किंवा भलताच आकडा आढळतो. 'यूझिंग' हे विधान असेंब्लरला केवळ आश्वासन देते. रजिस्टरमध्ये पत्ता भरण्याचे काम प्रोग्रामरचेच असते. बोलावलेल्या उपकार्यक्रमाने रजिस्टर पूर्ववत न करणे, तक्त्याची मर्यादा ओलांडणे आणि लांबी चुकीची देणे, ही इतर नेहमीची कारणे होत.

घाईत काही जण कार्यक्रमालाच शून्य किल्ली मिळवून देण्याचा विचार करतात. त्याने संकेत नाहीसा होईल, पण चुकीचा पत्ता तसाच राहील. मग कार्यप्रणालीच्या जागेतही बेधडक लिहिले जाईल. बांधावर अडवणाऱ्या राखणदाराला दूर केल्याने पीक वाचत नाही. पत्ता दुरुस्त करणे हाच खरा उपाय होय.