समुद्रावर उजेड, रानात रात्र

उत्तर कॅलिफोर्नियात प्रेअरी क्रीक इथे रेडवुडच्या रानातून समुद्रापर्यंत जाऊन परत येणारी एका दिवसाची वाट आहे. जेम्स अर्व्हाइन ट्रेलनं उतरायचं, फर्न कॅन्यनची घळ पाहायची, गोल्ड ब्लफ्स बीचच्या कडेनं दक्षिणेला जायचं आणि मायनर्स रिज चढून माघारी. फेरा साधारण १९ किलोमीटरचा. वाट मळलेली, चढ सौम्य. दमछाक होत नाही, म्हणूनच वेळेचं भान सुटतं. घळीत तर तास कसा जातो कळत नाही: दोन्ही बाजूंना सुमारे १५ मीटर उंच भिंती, वरपासून खालपर्यंत नेच्यांनी झाकलेल्या, पाणी ठिबकणाऱ्या.

मला उशीर झाला तो मात्र पुढे, किनाऱ्यालगत. सप्टेंबर म्हणजे एल्क हरणांच्या माजाचा काळ. वाटेवरच कळप बसलेला. एक नर शिंगं खुपसून गवत उपटत होता. उपटलेले झुबके शिंगांवर लोंबत होते. माजावरचा नर अंगावर येतो, एरवीही किमान २५ मीटर लांब राहावं. पाण्याच्या कडेनं वळसा घालायचा मोह झाला, पण इथला समुद्र बराच वेळ शांत राहून एकाएकी मोठी लाट पार वरपर्यंत फेकतो, आणि पाणी इतकं गार की पोहणाराही लवकर गळाठतो. कळप उठेपर्यंत थांबले.

निघाले तेव्हा समुद्रावर चांगलं ऊन होतं. रिजवरच्या झाडीत शिरले आणि थोड्याच वेळात पायाखालचं दिसेना. रेडवुडला सोटमूळ नसतं. मुळं उथळ, आडवी पसरतात, वाटेवर उघडी पडतात, धुक्यानं निसरडी होतात. तिथे पाय मुरगळला तर? सह्याद्रीत हाक मारली तर खालच्या वाडीतून कुणीतरी ओ देतं. इथे माणूस नाही, मोबाइलला रेंज नाही. डोक्याला बांधायची बॅटरी होती, म्हणून हळूहळू बाहेर आले.

तेव्हा एकट्यानं जाणाऱ्यांना कळकळीनं सांगते, परतीची वेळ किनाऱ्यावरचं ऊन पाहून ठरवू नका. सूर्यास्ताच्या निदान चार तास आधी समुद्र सोडा. वाटेत एल्क बसलेच, तर आल्या वाटेनं मागे फिरण्याइतका वेळ त्यात धरा. बॅटरी भर उन्हाळ्यातही घ्या, नकाशा कागदावरचा घ्या. आणि कुठल्या वाटेनं जाणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर रेंजरना कळवायचं, हे घरच्यांना लिहून द्या. नुसतं ‘संध्याकाळी येते’ म्हणू नका.