वर्गातील अबोल मूल
(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी व पालकांसाठी अभ्यास)

शास्त्रभाग : १ राजे १९:१-१८, निर्गम ४:१०-१६

बहुतेक प्रत्येक शब्बाथ शाळेत असे एखादे मूल असते. ते मागे बसते, प्रश्न विचारला की खाली पाहते, ढोलकी व झांजा वाजू लागल्या की कानांवर हात ठेवते. नाताळच्या कार्यक्रमात मंडळीपुढे उभे केले, तर घरी बिनचूक म्हटलेले वचनही त्याला आठवत नाही. अशा मुलाला आपण घुमे, भित्रे, एकलकोंडे म्हणून मोकळे होतो. कधी कधी तर त्याचा अबोलपणा म्हणजे विश्वासाची उणीव, असेही समजले जाते. हा न्याय बरोबर आहे काय?

१. स्वभाव म्हणजे काय?

'अंतर्मुख' व 'बहिर्मुख' हे भेद स्वित्झर्लंडचे मनोवैद्य कार्ल युंग यांनी १९२१ साली आपल्या ग्रंथात मांडले. अंतर्मुख माणसाला माणसे आवडत नाहीत असे नव्हे. पुष्कळ गर्दीत तो थकतो आणि एकांतात ताजातवाना होतो, इतकेच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉ. इलेन ॲरन यांनी १९९६ साली अतिसंवेदनशील स्वभावावर पुस्तक लिहिले. त्यांच्या अंदाजाने शंभरांत १५ ते २० माणसे अशी असतात. मोठा आवाज, तीव्र वास, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील दुःख त्यांना अधिक जाणवते. अशी सर्वच माणसे अबोल नसतात. त्यांपैकी सुमारे ३० टक्के बहिर्मुख असतात, असे ॲरन सांगतात.

हार्वर्ड विद्यापीठाचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बालकांपुढे नवी खेळणी हलविली, नवे आवाज ऐकविले. सुमारे एकपंचमांश बालके हातपाय झाडून रडू लागली. पुढे त्यांतील पुष्कळ, पण सर्व नव्हे, सावध व लाजाळू झाली. म्हणजे या स्वभावाचे मूळ पाळण्यातच दिसते. तो हट्ट नव्हे की वाईट वळणही नव्हे. मेंदूंच्या घडणीतील विविधतेविषयी आज बरेच बोलले जाते, आणि काही जण या स्वभावाचीही गणना तीत करतात. ती करा अथवा न करा, हा आजार नव्हे एवढे निश्चित.

२. शास्त्र काय दाखविते?

एलीया अंतर्मुख होता असे शास्त्र म्हणत नाही, आणि आपणही म्हणू नये. परंतु देव थकलेल्या माणसाशी कसा वागला, हे येथे पाहण्यासारखे आहे. कर्मेल डोंगरावरील मोठ्या विजयानंतर एलीया रानात एकटा जाऊन मरण मागतो. देव आधी त्याला झोप देतो, भाकर व पाणी देतो. प्रश्न नंतर विचारतो. होरेबावर वारा, भूकंप व अग्नी होऊन जातात, मग मंद वाणी येते. शेवटी त्याला अलीशा हा सोबती मिळतो. मोशे आपण बोलण्यात जड आहोत म्हणतो, तेव्हा देवाला राग येतो खरा. तरी तो त्याला अहरोनाची जोड देतो.

३. शिक्षकांनी काय करावे?

- प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. उत्तर लिहून किंवा चित्र काढून देण्यास मुभा द्यावी.
- वचन प्रथम एकट्या शिक्षकापुढे, मग दोघातिघांपुढे म्हणू द्यावे.
- कार्यक्रमात काय होणार हे आधी सांगावे. पडदा ओढणे, ताऱ्याची आरास करणे हीही सेवाच आहे.
- "हा बोलतच नाही" असे चारचौघांत कधीही म्हणू नये.

मात्र मुलाला कायमचे मागे बसवून ठेवणे ही दया नव्हे. लहान लहान पायऱ्यांनी त्याला पुढे न्यावे.

४. एक सावधगिरी

स्वभावाने शांत असणे वेगळे आणि एकाएकी गप्प होणे वेगळे. हसतेखेळते मूल अचानक अबोल झाले, जेवेनासे झाले, एखाद्या व्यक्तीला घाबरू लागले, तर 'स्वभाव' म्हणून सोडून देऊ नये. त्याला दुःख, आजार किंवा कोणाचा जाच असू शकेल. मायेने विचारपूस करावी व गरज पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. जे मूल लहानपणापासून घरी बोलते पण शाळेत मुळीच बोलत नाही, त्यालाही जाणकाराचा सल्ला हवा.

चर्चेसाठी प्रश्न

१. देवाने एलीयाला प्रश्न विचारण्यापूर्वी काय काय दिले?
२. आपल्या वर्गात कोणत्या मुलाचा आवाज आपण महिनाभरात ऐकला नाही? त्याला बोलण्यासाठी आपण कोणती वाट मोकळी ठेवली आहे?
३. आपल्या उपासनेत शांततेला किती वेळ मिळतो?