संगणकाचे बियाणे

शेतकरी सगळे धान्य खात नाही. चांगले बियाणे तो वेगळे राखून ठेवतो. संगणकाचेही तसेच आहे.

संगणकाचा कारभार विंडोज चालवते. आमच्या वाचनालयातल्या संगणकात ती बिघडली. आम्ही घाईने डिस्क पुसली नि विंडोज नव्याने बसवली. पण त्याच डिस्कवर बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब होता. तो गेला! बायांनी आपापली पासबुके आणली. महिनाभर बसून आम्ही हिशेब पुन्हा मांडला.

तेव्हापासून आम्ही क्रम ठरवला.

पहिले काम : हिशेब, कागद, फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवावे. उतरले का, ते उघडून पाहावे.

दुसरे काम : 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज 11 घ्यावी. विंडोज 10ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वसाधारणपणे थांबली.

तिसरे काम : विंडोज बसवून अपडेट करावी. मग छपाईयंत्र जोडावे, लागतील तेवढेच प्रोग्राम घालावे.

चौथे काम : लगेच साऱ्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर काढावी. क्लोनझिला हा फुकट प्रोग्राम ते काम करतो. तो वेगळ्या पेनड्राइव्हवरून चालवावा.

ही प्रतिमा म्हणजे आपले बियाणे. संगणक पुन्हा बिघडला, तर ती परत चढवावी. संगणक होता तसा होतो.

पण ध्यानात ठेवा. प्रतिमा चढवताना डिस्कवरचे सारे पुसले जाते. नंतरचा हिशेब प्रतिमेत नसतो. तो दर आठवड्याला वेगळा उतरवावा.

बियाणे पेरणीआधी राखावे. पीक बुडाल्यावर ते कोठून आणणार?