चेंडूचे आयुष्य किती?



गेल्या ऑगस्टमध्ये पावसाने दोन दिवस उघडीप दिली, म्हणून खेळाच्या सरांनी सामानाची कोठी उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले सहा सीझन बॉल बाहेर निघाले. मुलींच्या मापाचे, म्हणजे थोडे लहान व हलके. सहाही चेंडूंवर पांढरट बुरशी चढली होती आणि दोघांची शिवण उसवली होती. पालकांच्या वर्गणीतून एप्रिलमध्ये आणलेले हे चेंडू जेमतेम तीन दिवस खेळले गेले होते.

पंधरा दिवसांनी मुलींच्या संघाचा सामना होता. नवे चेंडू येईपर्यंत त्यांना टेनिसच्या चेंडूवर सराव करावा लागला. सामन्यात चामड्याचा चेंडू छातीपर्यंत उसळला, तेव्हा आपल्या दोघी मुली मागे सरल्या. दोष त्यांचा नव्हता. "पावसाळाभर कोठी बंद ठेवा" असे सांगणारा मी होतो. आत काय आहे आणि कसे ठेवले आहे, हे मी पाहिले नाही. म्हणून आजचा पाठ आधी माझ्यासाठी आहे, मग तुमच्यासाठी.

१. चेंडूच्या पोटात काय असते?

चेंडूच्या मध्यभागी कॉर्क, म्हणजे बुचाचा गोळा असतो. त्यावर लोकरीचा दोरा घट्ट गुंडाळलेला असतो. वरून कमावलेल्या चामड्याचे आवरण असते. चांगल्या चेंडूत चामड्याचे चार तुकडे असतात, स्वस्त चेंडूत दोन. दोन अर्धगोल जिथे जुळतात तिथे टाक्यांच्या सहा ओळी असतात. हीच शिवण. आपल्या देशात मेरठ आणि जालंधर ही हे काम करणारी मोठी गावे आहेत. भारतातील कसोटी सामने ज्या चेंडूने खेळले जातात, तो मेरठचाच असून त्याची शिवण हाताने घातलेली असते.

पुरुषांच्या सामन्यातील नव्या चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असावा, असा नियम आहे. फरक किती थोडा आहे पाहा! सात ग्रॅम आणि अर्धा सेंटिमीटर. चामडे आणि लोकर या दोन्ही वस्तू पाणी शोषतात. तेव्हा भिजलेला चेंडू हे माप किती लवकर सोडत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

२. चेंडू किती टिकतो?

या प्रश्नाचे एक उत्तर नाही. कसोटी आणि रणजी सामन्यात ८० षटके झाली की क्षेत्ररक्षण करणारा संघ नवा चेंडू मागू शकतो. म्हणजे एका चेंडूने ४८० वेळा गोलंदाजी होते. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यात २०११ पासून दोन्ही टोकांकडून एकेक नवा चेंडू वापरू लागले. २०२५ मध्ये त्यात बदल झाला. आता ३४ षटकांपर्यंत दोन चेंडू चालतात आणि पुढे त्यांतलाच एक निवडून डाव पूर्ण करतात.

हे मोठ्या मैदानांचे झाले, तिथे हिरवळ असते. आपले मैदान मुरमाचे आहे. मुरूम कानशीप्रमाणे चामडे घासतो. त्यात चेंडू काँक्रीटच्या भिंतीवर आपटला की टाके तुटतात. म्हणून आपला चेंडू लवकर झिजणार, हे मान्य करा. परंतु झिजणे वेगळे आणि कुजणे वेगळे. खेळून झिजलेल्या चेंडूने कोणाला तरी काही शिकवलेले असते. कोठीत कुजलेला चेंडू कोणाच्याच कामी आलेला नसतो.

३. चकाकी कशासाठी?

खेळाडू चेंडूची एकच बाजू पँटवर घासतात, हे तुम्ही पाहिले असेल. चकचकीत बाजूवरून जाणारी हवा चेंडूपासून लवकर सुटते. खडबडीत बाजूवरची हवा थोडा अधिक वेळ त्याला चिकटून राहते. त्यामुळे साधारणपणे चेंडू हवेत खडबडीत बाजूकडे वळतो. यालाच स्विंग म्हणतात. शिवण उभी आणि टणक असेल तर या कामाला मदत होते.

सामन्यात चेंडू कपड्यावर घासणे, ओला झाल्यास रुमालाने पुसणे आणि पंचांच्या देखरेखीखाली चिखल काढणे, एवढ्याची परवानगी आहे. घाम चालतो. लाळ लावण्यावर आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०२० मध्ये करोनामुळे बंदी आली आणि २०२२ मध्ये ती कायम झाली. बाहेरचा कोणताही पदार्थ लावणे किंवा चेंडू मुद्दाम खरवडणे हा गुन्हा आहे. मार्च २०१८ मध्ये केपटाउनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या बॅन्क्रॉफ्टने सँडपेपर वापरला. त्याला नऊ महिन्यांची, तर स्मिथ आणि वॉर्नर यांना एकेका वर्षाची बंदी भोगावी लागली. चेंडूची निगा आणि चेंडूशी लबाडी यांतली रेघ नीट ओळखा.

४. निगा कशी राखावी?

माझ्या लहानपणी वाड्यातल्या अकरा मुलांत मिळून एक सीझन बॉल होता. तो नालीत पडला, तेव्हा मी धुऊन घरी नेला आणि लवकर वाळावा म्हणून सिगडीजवळ ठेवला. सकाळी चामड्याला भेगा पडलेल्या! पुढचे दोन महिने माझी फलंदाजी सर्वांत शेवटी येत असे. तेव्हापासून जे शिकलो, ते असे:

(१) खेळ संपताच चेंडू कोरड्या सुती फडक्याने पुसावा. शिवणीतली माती जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने काढावी.
(२) ओला चेंडू सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. ऊन, सिगडी आणि हीटर यांपासून दूर ठेवावा. वरून कोरडा लागला तरी आतली लोकर ओली असू शकते, म्हणून घाई करू नये.
(३) चेंडू कापडी पिशवीत ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. पावसाळ्यात दर आठवड्याला पिशवी उघडून चेंडूंना हवा द्यावी.
(४) तेलात बुडवू नये. तेलाने चामडे मऊ पडते आणि वजन वाढते. सरावाच्या चेंडूला बुटाच्या मेणाच्या पॉलिशचा अगदी पातळ हात चालेल, सामन्याच्या चेंडूला नाही.
(५) नवा चेंडू सामन्याला, थोडा जुना नेटमध्ये आणि त्याहून जुना झेलांच्या सरावाला, अशी उतरंड ठेवावी.
(६) टाका तुटून दोरा लोंबू लागला किंवा चामड्याचा तुकडा उघडला, तर तो चेंडू बाद करावा. त्याने बोटे कापतात आणि तो वेडावाकडा उसळतो. इथे काटकसर करायची नाही.

५. करून पाहा

प्रयोगशाळेतील तराजूवर एका चेंडूचे वजन करा. दोऱ्याने घेर मोजा. वीस षटकांच्या सरावानंतर पुन्हा मोजा. मग एक बाद चेंडू दहा मिनिटे पाण्यात ठेवून, वरून पुसून तोला. नंतर रोज एकदा तोलत राहा आणि मूळ वजनावर यायला किती दिवस लागतात, ते वहीत लिहा. सर्वांत नीट नोंदी पुढच्या अंकात छापू.

या वर्षापासून प्रत्येक पिशवीवर चेंडू आणल्याची तारीख आणि सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव असेल. कोठीची एक किल्ली मुलींच्या कर्णधाराकडे राहील आणि दर शनिवारी तिच्याबरोबर मी स्वतः कोठी उघडेन. नव्या चेंडूंपैकी पहिले दोन मुलींच्या सरावासाठी काढून ठेवले आहेत. ते मैदानावरच झिजावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

आपला,
प्राचार्य